डोळा आधी, हात मागून

डोळे तपासायला गेलं की आपण खुर्चीत बसतो, एक डोळा झाकतो आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतो. ठरलेली ओळ सहा मीटरवरून वाचता आली की समोरची व्यक्ती म्हणते, "उत्तम, सिक्स बाय सिक्स." हर्मान स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली हा तक्ता तयार केला. आजही जगभर तो, किंवा त्याची सुधारलेली भावंडं, भिंतींवर टांगलेली असतात. तक्त्याशी माझं भांडण नाही. पण तो विचारतो काय? एका जागी बसलेल्या माणसाला, एका डोळ्याने, लांबवरचं न हलणारं काळं अक्षर ओळखता येतं का, एवढंच. सुईत दोरा ओवता येतो का, कुणी फेकलेली किल्ल्यांची जुडी झेलता येते का, ओळ संपल्यावर नजर नेमकी पुढच्या ओळीच्या तोंडाशी उतरते का, हे तो विचारत नाही. त्याचं ते कामही नाही.

माझा तक्ता कायम चांगला यायचा. तरीही रात्री वाचायला बसलं की थोड्या वेळात ओळी एकमेकींवर सरकायच्या, कपाळ जड व्हायचं, आणि एक डोळा मिटून वाचलं की बरं वाटायचं. ज्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासणाऱ्या, बाईंकडे शेवटी गेले, त्यांनी ही शेवटची गोष्ट ऐकली आणि तक्ता बाजूला ठेवून पेन्सिल उचलली. दोन्ही डोळे उघडे ठेवून पेन्सिलीच्या टोकाकडे बघायचं. त्या ती हळूहळू नाकाच्या दिशेने आणणार. एकीच्या दोन झाल्या की सांगायचं. बहुतेकांना नाकापासून पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत पेन्सिल एकच दिसते. माझ्या त्याच्या बऱ्याच आधी दोन झाल्या. जवळचं बघताना दोन्ही डोळ्यांनी आत वळायचं असतं, त्यात माझे डोळे कमी पडत होते. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशिअन्सी म्हणतात. वाचताना डोळे जबरदस्तीने आत ओढून धरावे लागतात, आणि ती ओढाताण कपाळात जाणवते.

मग व्यायाम आले. पेन्सिल, मण्यांचा दोरा, टांगलेला चेंडू.

पेन्सिलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हात लांब करून पेन्सिल धरायची, तिच्यावरच्या एका अक्षराकडे बघत नाकाकडे आणायची, दोन दिसायला लागल्या की थांबून जोर लावून एक करायची, पुन्हा लांब न्यायची. करून कंटाळा येतो. हा कंटाळा मोजला गेलाय असंही म्हणता येईल. अमेरिकेत ९ ते १७ वयोगटातल्या २२१ मुलांवर १२ आठवड्यांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. दवाखान्यात जाऊन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम आणि जोडीला घरचा सराव, असं करणाऱ्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्के बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल करणाऱ्यांपैकी ४३ टक्के. आणि ज्यांना दवाखान्यात बोलावून मुद्दाम निरुपयोगी, पण दिसायला खरे वाटणारे व्यायाम दिले, त्यांच्यापैकीही ३५ टक्के! म्हणजे घरची पेन्सिल लुटूपुटूच्या व्यायामाच्या जरा पुढे, इतकंच. मला या आकड्यांमधला सगळ्यात बोलका ३५ चा वाटतो. कुणीतरी दर आठवड्याला आपल्यासमोर बसतं, विचारपूस करतं, एवढ्यावरही एक तृतीयांश मुलांना बरं वाटलं. घरबसल्या डोळे सुधारून देणारी कुठलीही जाहिरात बघताना हा आकडा मनात ठेवावा.

मण्यांचा दोरा मात्र मला पहिल्याच वेळी आवडला. फ्रेडरिक ब्रॉक या मूळच्या स्विस, पण अमेरिकेत काम केलेल्या ऑप्टोमेट्रिस्टच्या नावाने तो ओळखला जातो. दोन-तीन मीटरचा दोरा, त्यात सरकवता येणारे तीन रंगीत मणी. एक टोक दाराच्या मुठीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्यावर धरायचं आणि मधल्या मण्याकडे बघायचं. मणी एकच दिसतो. पण दोरा? दोरा एकाचे दोन होतात आणि बरोबर त्या मण्यात एकमेकांना छेदून पलीकडे जातात. पुढचा आणि मागचा मणी, दोन्ही दोन-दोन दिसतात. ही फुली डोळ्यांचा दोष नाही. दोन्ही डोळे काम करत असतील तर ती दिसलीच पाहिजे, कारण प्रत्येक डोळा दोरा आपापल्या बाजूने बघतोय. एरवी मेंदू या दुहेरी चित्रांकडे काणाडोळा करतो म्हणून आयुष्यभर ती आपल्या लक्षात येत नाहीत.

आणि ती फुली खोटं बोलत नाही. मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे गरजेपेक्षा जास्त आत वळलेत. पलीकडे पडली तर कमी. दोन दोऱ्यांपैकी एक विरून गेला तर मेंदूने एका डोळ्याचं चित्रच दाबून टाकलंय. इतर बहुतेक व्यायामांत आपण नीट करतोय का हे दुसऱ्याने सांगावं लागतं. इथे दोराच सांगतो. माझी फुली जवळच्या मण्यावर यायला तयारच नसायची, मागे घसरायची. बाई म्हणाल्या, "मण्याला बोट लावा." लावलं, आणि फुली सरकत येऊन बोटाशी थांबली. बोट काढलं की पुन्हा मागे.

त्या दिवशी मला हे प्रकरण फक्त डोळ्यांचं नाही हे कळलं. मणी कुठे आहे हे हाताला माहीत होतं, कारण हात खांद्यापासून बोटापर्यंत आपली स्वतःची खबर ठेवतो. डोळे चुकत होते, हाताने त्यांना जागा दाखवली. आपण नेहमी धरून चालतो की डोळा मालक आणि हात नोकर. इथे उलटं घडलं होतं.

ब्रॉकच्या या दोऱ्याचा एक जगप्रसिद्ध विद्यार्थी आहे. सुझन बॅरी या मेंदूशास्त्राच्या प्राध्यापक. लहानपणापासून तिरळेपणा. शस्त्रक्रिया झाल्या, डोळे दिसायला सरळ झाले, पण दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळून जी खोली दिसते ती त्यांना कधीच दिसली नव्हती. ही जाण लहानपणी आली नाही तर पुढे येत नाही, असंच तेव्हा पुस्तकांत शिकवलं जाई आणि त्याही तेच शिकवत असत. पन्नाशीच्या जवळ आल्यावर त्यांनी हे व्यायाम सुरू केले. मग एक दिवस गाडीत बसल्या तर स्टीअरिंगचं चाक मागच्या पॅनेलपासून सुटून पुढे आलेलं, मध्ये चक्क मोकळी जागा! चाक अर्थातच तिथेच होतं. मध्ये हवा आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. हे प्रत्येकाचं होईल असं अजिबात नाही. पण ‘होऊच शकत नाही’ हे वाक्य त्यांनी खोडलं.

तिसरा व्यायाम चेंडूचा. मऊ चेंडूवर पेनाने अक्षरं काढायची आणि तो छताला टांगायचा. थेरपीवाले त्याला मार्सडेन बॉल म्हणतात. आधी फक्त डोळ्यांनी त्याचा पाठलाग करायचा, डोकं स्थिर ठेवून. मग कुणीतरी अक्षर सांगेल त्याला बोट लावायचं. मग एका हाताने हलकेच टोलवायचा, नंतर आळीपाळीने दोन्ही हातांनी. शेवटी दोन हातांत आडवी काठी धरून काठीच्या ठरलेल्या भागानेच टोलवायचा.

टांगलेल्या चेंडूची खुबी अशी की तो परत येतो आणि कधी येणार हे ठरलेलं असतं. दोरी एक मीटर असेल तर जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात. पाव मीटर केली तर एक सेकंद. जोरात ढकला की हळू, थोडा फार फरक सोडता वेळ तेवढाच. त्यामुळे व्यायाम अवघड-सोपा करायला फक्त दोरी कमी-जास्त करायची. शाळेत लंबकाचं सूत्र पाठ केलं होतं, ते या वयात कामाला आलं.

चेंडू बघताना नजर खरंच त्याच्याबरोबर सरकते, की झटके देत जाते? हे स्वतःला कळत नाही, समोरच्याला आपले डोळे बघायला सांगावे लागतात. डोळ्यांच्या दोन चाली आहेत. एक उडी, म्हणजे या ठिकाणावरून त्या ठिकाणावर झटक्यात जाणं; वाचताना आपण हेच करतो. दुसरी संथ सरक, पण ती डोळ्यांना मनात येईल तेव्हा करता येत नाही. रिकाम्या भिंतीवरून नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवून बघा आणि कुणालातरी तुमच्या बुबुळांकडे लक्ष ठेवायला सांगा. ती टप्प्याटप्प्यानेच जातील. सरकायला समोर सरकणारी वस्तू लागते. आता तसंच बोट समोरून फिरवा आणि त्याच्याकडे बघा. सरक आली. त्यातही, वस्तू दुसऱ्याने हलवण्यापेक्षा आपल्याच हाताने हलवली तर डोळे तिच्या मागे कमी रेंगाळतात; मार्टिन स्टाइनबाख आणि रिचर्ड हेल्ड या संशोधकांनी हे १९६८ साली दाखवलं. हाताला निघालेला हुकूम डोळ्यांच्या कानावरही जातो म्हणायचं.

अक्षराला बोट लावण्याच्या खेळात मी सुरुवातीला सारखी चेंडूच्या मागे पडायचे. ‘म’ दिसला, बोट गेलं, तोवर ‘म’ पुढे. डोळ्याने पाहिलेलं हातापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग तरी सहज जातो, आणि झुलता चेंडू तेवढ्यात पुढे सरकतो. चेंडू जिथे आहे तिथे बोट नेलं की चुकणारच. जिथे येणार आहे तिथे न्यावं लागतं. हे डोक्याला समजून उपयोग नसतो. हाताला समजावं लागतं, आणि हाताला समजायला त्याचा त्याचा वेळ लागतो.

डोळा आणि हात यांच्यात नक्की किती अंतर असतं? मायकेल लँड या ब्रिटिश संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक साधं काम निवडलं, चहा करणं. माणसांच्या डोक्यावर नजर टिपणारा कॅमेरा बसवला आणि त्यांना चहा करू दिला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की डोळा हाताच्या साधारण अर्धा सेकंद पुढे असतो. हात किटलीला पोचायच्या आत नजर किटलीवर, आणि हाताचं काम पूर्ण व्हायच्या आत नजर पुढच्या वस्तूवर निघूनही गेलेली. ज्या वस्तूचा कामाशी संबंध नाही तिच्याकडे डोळे जवळजवळ जातच नव्हते. हे वाचल्यापासून मी माझ्या हातांना एक वेगळाच प्रश्न विचारायला लागले. काही सांडतं, निसटतं, तेव्हा हात चुकला की डोळा लवकर निघून गेला? माझ्यापुरतं उत्तर बहुधा दुसरं असतं. शेवटच्या क्षणी मी मोबाइलकडे बघितलेलं असतं.

याच लँड यांनी पीटर मॅक्लाउड यांच्याबरोबर २००० साली फलंदाजांची नजर तपासली. ‘चेंडूवरची नजर हलू देऊ नकोस’ हे प्रत्येक मुलाला शिकवलं जातं, पण फलंदाज तसं करत नाहीत. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना ते तो बघतात, मग नजर उडी मारून चेंडू जिथे टप्पा पडेल तिथे आधीच जाऊन थांबते. टप्पा पडल्यावर थोडा वेळ पुन्हा पाठलाग. कसलेला फलंदाज ही उडी लवकर मारतो, नवखा उशिरा. वेगवान चेंडूचा पूर्ण वेळ पाठलाग करणं डोळ्यांना जमतही नाही. नजर सुटते ते ठीकच आहे; ती योग्य जागी जाऊन थांबली म्हणजे झालं.

हा अभ्यास कळल्यावर मी भिंतीवर चेंडू मारण्याचा व्यायाम बदलला. व्यायाम जुना आणि फुकटचा आहे. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहायचं, उजव्या हाताने चेंडू खालून भिंतीवर टाकायचा, डाव्या हाताने झेलायचा, डाव्याने टाकून उजव्याने झेलायचा. आधी मी चेंडू हातातून निघाल्यापासून परत येईपर्यंत डोळे ताणून बघायचे. आता भिंतीवरच्या त्या जागेकडे आधी बघते जिथे तो लागणार आहे. झेल वाढले. शाळेत मला कुणी संघात घेत नसे, त्यामुळे हा आनंद जरा जास्तच झाला, हे इथेच सांगून टाकते. डॉन ब्रॅडमन लहानपणी पाण्याच्या टाकीखालच्या गोलाकार विटकामावर गोल्फचा चेंडू मारून, तो उसळून आला की स्टंपने टोलवायचे. गोल भिंत, टणक चेंडू, बारीक काठी. पुढे काय येणार हे आधी ओळखल्याशिवाय त्यात काही हातीच लागणार नाही असा खेळ त्यांनी एकट्याने शोधून काढला होता, तोही कुठल्याही थेरपीचं नाव न घेता.

मी हे उद्योग करत असताना माझ्या बहिणीच्या मुलीला पट्टी लागली. तिचा एक डोळा आळशी आहे, म्हणजे मेंदू त्याचं चित्र नीट वापरत नाही, म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी. पट्टी लावून चित्रात रंग भर, मणी ओव, ठिपके जोड असं तिला सांगितलेलं. पट्टी बांधून मणी ओवताना ती दोरा भोकाच्या अलीकडेच थांबवायची. एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही, आणि तो डोळा तर सवय नसलेला. ती चिडून म्हणायची, "मावशी, भोकच हलतंय!"

तिच्यासाठी वाचताना एक गंमत सापडली. पट्टी बांधून जवळची बारीक कामं केली तर आळशी डोळा लवकर सुधारतो, असं पुष्कळ जण धरून चालले होते. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका संशोधक-गटाने ४२५ मुलांवर हे तपासलं. काही मुलांना पट्टीच्या वेळात जवळची कामं दिली, काहींना लांबचं बघायची. २००८ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. दृष्टी सुधारली ती पट्टीने. मणी ओवल्याने डोळ्याला वेगळं असं काही मिळालं नाही.

मग मणी बंद करायचे? बहिणीने मला हेच विचारलं. मला तसं वाटत नाही. मणी ओवल्याने मणी ओवणं सुधारतं, आणि पट्टी लागलेल्या मुलीचा दुपारचा कंटाळवाणा तास जातो. ही दोन्ही कारणं पुरेशी आहेत. फक्त त्याला औषध म्हणू नये.

फुगा मात्र तिच्यापेक्षा मलाच जास्त आवडला. लहान मुलांना चेंडूऐवजी फुगा देतात, आणि त्याचं कारण नुसतं ‘लागत नाही’ हे नसतं. हवेच्या अडथळ्यामुळे फुगा सावकाश खाली येतो आणि हाताला आपली चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली माणसांना ठेक्यावर रेघा ओढायला लावल्या होत्या, कधी डोळे उघडे ठेवून तर कधी मिटून. ठेका संथ असताना उघड्या डोळ्यांचा मोठा फायदा. वेग वाढवत नेला की तो कमी होत होत संपतो, डोळे उघडे असले काय आणि मिटले काय. हालचालीचा पहिला भाग म्हणजे झोकून दिलेला अंदाज आणि शेवटचा भाग म्हणजे बघत बघत केलेली दुरुस्ती, असं त्याने मांडलं. भाचीचा चेंडू सुटायचा तेव्हा तिला अंदाज होता, दुरुस्तीला वेळ नव्हता. फुग्याने तो दिला. मग मोठा मऊ चेंडू, मग लहान, असं ती स्वतःच पुढे गेली.

तिला मी वर्तमानपत्राचा खेळही शिकवला. एक परिच्छेद घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक ‘व’च्या पोटात पेन्सिलीने ठिपका द्यायचा. ओळ सोडायची नाही, मागे जायचं नाही, रेषेबाहेर ठिपका गेला तर तो धरायचा नाही. ‘व’ जमला की ‘ब’, त्यातली आडवी रेघ आड येते म्हणून. ‘ठ’ निवडू नये, त्याचं पोट मोठं, आणि तो इतका कमी येतो की मूल कंटाळून उठून जातं. या खेळात डोळ्याची उडी, थांबणं आणि हाताचं नेमकं उतरणं हे सगळं येतं आणि सामान काहीच लागत नाही.

हात आणि डोळा यांचं जुळणं हे एकदा शिकून संपत नाही, सारखं दुरुस्त होत राहतं, याचा पुरावा प्रिझमच्या चष्म्याने मिळतो. सगळं एका बाजूला सरकलेलं दाखवणारा चष्मा घातला आणि समोरच्या खुणेला बोट लावायला गेलं की बोट त्या बाजूला चुकतं. थोड्या प्रयत्नांत नेम लागायला लागतो. मग चष्मा काढला की बोट उलट्या बाजूला चुकतं! हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवलंय. पुढे, वर आलेल्या रिचर्ड हेल्डने दाखवलं की हात स्वतः हलवला तर हा बदल होतो. हात दुसऱ्याने हलवला आणि आपण नुसतं बघितलं तर जवळजवळ होत नाही. १९६३ साली त्याने आणि ॲलन हाइनने मांजरीच्या पिलांच्या जोड्या एका गोल फिरणाऱ्या यंत्राला जोडल्या. एक पिलू स्वतः चालत यंत्र फिरवायचं, दुसरं टोपलीत बसून तेच सगळं बघत फिरायचं. बघायला दोघांना सारखंच मिळालं. पण चालणारं पिलू पृष्ठभाग जवळ येताच पंजा पुढे करायला शिकलं, बसलेलं नाही. प्रयोग आज वाचताना त्या टोपलीतल्या पिलाची दया येते. मोकळं सोडल्यावर तीही पिलं लवकरच शिकली, एवढं वाचून जरा बरं वाटलं.

मुलांना टॅबवर ‘हँड-आय कोऑर्डिनेशन’चे खेळ लावून देणाऱ्यांना मला या पिलांची आठवण करून द्यावीशी वाटते. काचेवर बोट सरकवणं हीही हालचाल आहे, नाही असं नाही. पण तिच्यात वजन नाही, खोली नाही, वस्तू निसटून पलंगाखाली जाणं नाही.

मन्सूर अली खान पतौडींची गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती ‘एका डोळ्याने खेळले’ एवढीच. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये होव्ह इथे मोटारीच्या अपघातात त्यांचा उजवा डोळा जवळजवळ गेला. वय वीस. मला त्यातला धावांचा भाग नव्हे, पाण्याचा भाग जवळचा वाटतो. जगमधून पेल्यात पाणी ओतायला गेले तर ते टेबलावर पडायचं, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. जो माणूस काही आठवड्यांपूर्वी इंग्लंडच्या मैदानांवर खोऱ्याने धावा काढत होता, त्याला पेला सापडत नव्हता. दोन डोळ्यांची खोली गेली की मेंदू दुसऱ्या खुणांवर विसंबायला शिकतो. वस्तू किती मोठी दिसते, कोण कुणाला झाकतंय, डोकं हलवल्यावर काय जास्त सरकतं. हे शिकणं फक्त हात घालून घालूनच होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, दुसऱ्या वर्षी एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले, आणि एकूण ४६ कसोटींमध्ये त्यांची सहा शतकं आहेत. फलंदाजी करताना ते टोपी उजव्या डोळ्यावर ओढून घ्यायचे, कारण धूसर दुसरं चित्र कामात लुडबुड करत होतं. डोळा परत आला नाही. हाताने एका डोळ्याशी नवा करार केला.

या व्यायामांची नावं घेऊन बरंच काही विकलं जातं, म्हणून हेही लिहिते. मुलाला वाचता येत नाही, अक्षरं उलटी काढतं, डिसलेक्सिया आहे, आणि डोळ्यांच्या व्यायामाने हे बरं होईल असं कुणी सांगितलं तर सावध व्हावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच संयुक्तपणे सांगितलंय की डिसलेक्सिया हा भाषेशी निगडित प्रश्न आहे, आणि डोळ्यांच्या व्यायामाने तो सुटतो याला आधार नाही. कन्व्हर्जन्स कमी असलेल्या ३११ मुलांना १६ आठवडे व्यायाम देऊन त्यांचं वाचन तपासलं गेलं, तो अभ्यास २०१९ साली आला. वाचलेलं समजण्यात ही मुलं खोट्या व्यायामाच्या मुलांपेक्षा पुढे गेली नव्हती. चष्म्याचा नंबर या व्यायामांनी उतरत नाही. आणि एखाद्या दिवशी अचानक दोन-दोन दिसायला लागलं, पापणी पडली, डोकं जोरात दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर दोऱ्याला हात लावायचा नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. मूल तिरळं बघत असेल तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबायचं नाही.

माझ्या बाबतीत काय झालं? पेन्सिल आता बरीच जवळ येईपर्यंत एकच राहते, रात्रीच्या ओळी जागेवर थांबतात. परवाच्या तपासणीत बाईंनी पेन्सिल बंद करायला सांगितली, दोरा अधूनमधून ठेवायला सांगितला. "आणि चेंडू?" मी विचारलं. भिंतीवरचे झेल कसे वाढले, टप्प्याकडे आधी बघितल्याने काय फरक पडला, हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फाइलमध्ये काहीच लिहिलं नाही आणि म्हणाल्या, "चेंडू तुमच्या डोळ्यांसाठी आता गरजेचा नाही. तुम्हाला खेळायचं असेल तर खेळा."

सध्या दोन चेंडू एकाच हातात घेऊन उडवायचा प्रयत्न चालू आहे. भाची मोजते.